लॅमिनेट केलेली पंचवीस वर्षं

काकांचा ज्या ज्या कागदावर जीव जडला, तो प्रत्येक कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला. मुलीची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, स्वतःचं निवृत्तीचं पत्र, घराचा नकाशा, काकूंच्या बाबतीत डॉक्टरांनी 'काळजीचं कारण नाही' असं लिहून दिलेली चिठ्ठी, सगळं प्लास्टिकच्या आत गुण्यागोविंदाने नांदत होतं. पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेल्या माणसाला कागदाचे शत्रू तोंडपाठ असतात. वाळवी, ओल, उंदीर आणि साहेब. पहिल्या तिघांवर औषध मिळतं, पण चहाचा कप नेमका मूळ प्रतीवर ठेवणाऱ्या साहेबावर लॅमिनेशनशिवाय उपाय नाही, असं काकांचं ठाम मत होतं.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, तरी तेही काकाच म्हणायचे. काकांना ते खुपायचं, पण या बाबतीत अर्ज कुठे करायचा हे तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतरही त्यांना ठाऊक नव्हतं.

तर एका मंगळवारी सकाळी जिन्याखालच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. रोज हिरवा असायचा, तो लाल झाला, एवढंच. गच्चीवर दहा सोलर पॅनेल होती. त्यांनी उन्हातून केलेली वीज या इन्व्हर्टर नावाच्या पांढऱ्या डब्यात यायची, डबा तिला घरात वापरण्याजोगी करायचा, आणि मग ती पंख्यादिव्यांकडे जायची. डबा बंद पडला म्हणून घर काही अंधारात बुडत नाही. बाहेरची वीज येतेच, फक्त मीटर पूर्वीसारखा पळायला लागतो. दुसऱ्या कुणी डब्यावर एक चापट मारून चहा घेतला असता. काका मात्र जिन्याच्या पायरीवर टेकले.

त्याचं कारण वरच्या खोलीत बसलेलं होतं. काकू तिथे दोन शाळांचे गणवेश शिवायच्या. सव्वीस वर्षं शिवत होत्या. खोलीवर पत्रा, त्यामुळे दुपारी इस्त्री न लावताच कपडे कडक व्हावेत असं तिथलं हवामान. आणि त्या सव्वीस वर्षांत काकांनी बायकोशी जे काही संभाषण केलं, त्यातला मोठा भाग दोन शब्दांत मावण्यासारखा होता. ते दोन शब्द म्हणजे 'बंद कर'. पंखा चालू ठेवून खाली आलीस, बंद कर. उजेड आहे, दिवा बंद कर. त्यांचा तरी काय दोष. ऑफिसात सहाच्या ठोक्याला सगळे पळाले की मजल्यावरचे एकूण एक दिवे-पंखे बंद करून कुलूप लावणं हे रेकॉर्ड-कीपरचं काम होतं, आणि ते हाडीमाशी खिळलं होतं. एकदा जावई अंघोळ करत असताना त्यांनी बाहेरून न्हाणीघराचा दिवा घालवला होता. जावई बिचारा गरीब स्वभावाचा, त्याने अंधारातच अंघोळ उरकली आणि बाहेर येऊन वीज गेली होती का असं विचारलं.

मग मागच्या उन्हाळ्यात काकू मशीनवरच चक्कर येऊन पडल्या. अर्धवट शिवलेल्या स्कर्टांच्या ढिगाऱ्यावर पडल्या म्हणून लागलं नाही. काका धावत वर गेले तेव्हा पंखा बंद होता. काकांनी म्हणायच्या आत काकूंनी तो स्वतःच बंद केला होता. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही असं लिहून दिलं, काकांनी ती चिठ्ठी लॅमिनेट केली, आणि चार रात्री त्यांना झोप लागली नाही. त्यानंतर दोन महिन्यांत गच्चीवर सोलर आलं आणि वरच्या खोलीत एसी बसला. मुलगी फोनवर ऐकत होती, मॅनेजर कुंपणापलीकडून ऐकत होते, अशा भरल्या सभेत काकांनी जाहीर केलं, की यापुढे या घरात माझ्या तोंडून 'बंद कर' निघणार नाही. पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे.

"बघू," काकू म्हणाल्या.

आठ महिने काकांनी शब्द पाळला. संध्याकाळी सहाला घरभर एक फेरी मारायची सवय तेवढी उरली होती, पण तोंडातून ब्र काढला नाही. वरच्या खोलीकडे तर त्यांनी डोळे वर करूनही पाहिलं नाही. आणि आता हा लाल दिवा. वर एसी चाललेला, खाली मीटर पळतोय, शाळा उघडायला महिना राहिलाय, दीडशे गणवेश शिवायचे आहेत, आणि काकांच्या घशाशी ते दोन शब्द येऊन उभे राहिलेत. काकांनी ते पाण्याबरोबर गिळले आणि फाइल काढायला गेले. वॉरंटी आहे, मग घाबरायचं कशाला, असं ते वाटेत स्वतःलाच दोनदा म्हणाले.

फाइल क्रमांक सत्तेचाळीस, सोलर. वॉरंटी कार्ड झुळझुळीत, चकचकीत, चारी कडांना अर्धा इंच प्लास्टिक सोडलेलं. आणि कोरं. बसवल्याची तारीख कोरी, विक्रेत्याची सही कोरी, शिक्क्याचा चौकोन कोरा. सोलरवाला त्या दिवशी म्हणाला होता, शिक्का दुकानात राहिलाय, उद्या मारून देतो. काकांनी मात्र उद्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं, कारण नव्या कागदाला पहिल्या रात्रीच सर्वांत जास्त धोका असतो.

मॅनेजरांना कुणी बोलावलं नव्हतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाला कोऱ्या रकान्याचा वास कुंपणापलीकडून येतो. त्यांनी चष्मा लावून कार्ड पुढून मागून वाचलं आणि विचारलं, की काका, पंचवीस वर्षं कशाची?

काका म्हणाले, सगळ्याची.

मॅनेजरांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. ते खुर्ची ओढून बसले. पंचवीस वर्षं, त्यांनी समजावलं, ही फक्त पॅनेल वीज देत राहतील याची हमी, आणि तीसुद्धा दर वर्षी थोडी थोडी कमी देत, म्हणजे आपण माणसं देतो तशीच. पॅनेलची काच, चौकट, जोड यांची हमी बारा वर्षं. इन्व्हर्टरची पाच. आणि सोलरवाल्याने ठोकाठोक केली, वायरी ओढल्या, त्या कामाची एकच. चार वेगवेगळ्या वॉरंट्या एका कार्डावर छापल्यात. सगळे एकाच बसमधून उतरले म्हणून सगळे एकाच घरचे नसतात, काका. मग त्यांनी अगदी बारीक अक्षरांतली यादी मोठ्याने वाचली. पूर, भूकंप, युद्ध, पक्षी, खारी हवा आणि चुकीची हाताळणी यांमुळे झालेल्या बिघाडास कंपनी जबाबदार नाही. युद्धाचं काकांना फारसं वाटलं नाही. पक्ष्यांचं वाटलं, कारण तिसऱ्या पॅनेलवर एक कावळा रोज येऊन बसायचा आणि त्याची नियत त्यांना कधीच ठीक वाटली नव्हती. चुकीच्या हाताळणीला मात्र ते चक्क हसले. घरातलं प्रत्येक बटण काका अंडं हातात घ्यावं इतक्या हळुवारपणे फिरवायचे. त्यांच्या रेडिओला एकतीस वर्षं झाली होती.

इन्व्हर्टरला पाच वर्षं तर पाच, आठ महिनेच झालेत, असं म्हणून काकांनी कंपनीला फोन लावला. एका बाईंच्या आवाजाने त्यांचा फोन महत्त्वाचा असल्याचं सांगितलं आणि मग अर्धा तास तो महत्त्वाचा फोन कुणी घेतला नाही. अखेर दुसरी बाई आली. तिचं बोलणं इतकं गोड, की तिच्यावर रागावता येईना. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. शिक्का आणि तारीख असलेल्या वॉरंटी कार्डाचा फोटो, इन्व्हर्टरचा नंबर, आणि दहाही पॅनेलचे नंबर. काका म्हणाले, बिघाड इन्व्हर्टरचा आहे, पॅनेलचे नंबर कशाला. ती म्हणाली, सर, ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. हे उत्तर काकांना मनापासून पटलं. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, फक्त त्यांच्या वेळी पलीकडच्या माणसाला कसं वाटतं ते त्यांना कळलं नव्हतं.

पॅनेलचे नंबर पॅनेलच्या पाठीवर असतात. पॅनेल गच्चीवर हातभर उंचीच्या सांगाड्यावर तिरकी बसवलेली. काका पाठीवर झोपून सरपटत आत शिरले. तीन नंबर मिळाले. चौथ्याशी शर्ट कुठल्याशा बोल्टात अडकला, आणि ना पुढे ना मागे अशी गत झाली. मॅनेजर आपल्या गच्चीवरून, श्वास रोखून धरा म्हणजे पोट आत जाईल, असं सांगत होते. शेवटी काकूंनी दोन्ही पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. शर्टाचा खिसा आतच राहिला.

उरलेल्या सात नंबरांसाठी काकूंचा हातातला आरसा घेतला, गिऱ्हाइकाला पाठीचं फिटिंग दाखवायचा तो. काकांनी तो पॅनेलखाली धरला आणि एकेक नंबर उतरवून घेतला. आरशात आकडे उलटे दिसतात हे काय काकांना कळत नव्हतं? कळत होतं. पण रेकॉर्डचा पहिला नियम असा, की नक्कल करताना मूळ प्रतीत चूक दिसली तरी आपल्या मनाने सुधारायची नाही, जसं दिसेल तसं लिहायचं. तेव्हा आकडा ओळखून, पण दिसला त्याच क्रमाने, शेवटापासून सुरुवातीपर्यंत, त्यांनी सातही नंबर स्वच्छ अक्षरांत लिहिले आणि कंपनीला पाठवले. तीन दिवसांनी उत्तर आलं. सात पॅनेलांपैकी दोन दुसऱ्याच देशात बसवलेली होती, चार कंपनीच्या नोंदीत नव्हती, आणि एक अजून तयार झालेलं नव्हतं.

मॅनेजर हे पत्र वाचून बराच वेळ कुंपणाला धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. काकांनी ते खोकताहेत असं समजून घेतलं. नंबर मग सुलट लिहून पुन्हा पाठवण्यात आले.

या सगळ्या गोंधळात चौथ्या दिवशी दुपारी काका पाणी घेऊन वर गेले, तर एसी बंद. पंखासुद्धा बंद. काकू घामाने निथळत कॉलर जोडत होत्या.

"मी काही म्हणालो नाही हं," काका म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणालात." काकूंनी मान वर केली नाही. "राहू द्या. काम होतंय."

काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. आपल्या चेहऱ्यावर ते दोन शब्द दिसत असणार, आणि एवढी वर्षं ज्या बाईने ते ऐकले तिला ते न बोलताही वाचता येत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने एसी लावला. अर्ध्या तासाने खालून कान देऊन ऐकलं तर तो पुन्हा बंद झालेला. आता काहीही झालं तरी हे यंत्र कंपनीकडून, फुकट, नियमाप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं आणि तो हिरवा दिवा या बाईला दाखवायचा, असं काकांनी ठरवलं. सोलर पंचवीस वर्षं टिकणार नसेल तर न टिको. दिलेला शब्द आठ महिन्यांत मोडायला तो काही प्लास्टिकचा पेला नव्हता.

शिक्क्यासाठी ते सोलरवाल्याकडे गेले. माणूस भला. त्याने लगेच शिक्का काढला, शाई लावली आणि कार्डावर मारला. प्लास्टिकवर शाईचे थेंब जमले आणि बोट लावताच निघाले. दुसऱ्यांदा त्याने जोर लावून मारला. तिसऱ्यांदा मारून दोघांनी फुंकर घातली, पंख्याखाली धरलं, आणि वाळलं अशी खात्री झाल्यावर काकांनी कार्ड मोठ्या प्रेमाने छातीशी धरून घरी आणलं. घरी पोचले तेव्हा कार्ड कोरं होतं आणि शर्टावर, बरोबर हृदयाच्या जागी, 'अधिकृत विक्रेता' असं उलट्या अक्षरांत उमटलं होतं. धुवून निघेना. पुढचे काही दिवस तो शर्ट घातला की रस्त्यात लोक थांबवून पॅनेल कसं बसतं ते विचारायचे.

लॅमिनेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, काका, हे लावायचं दुकान आहे, काढायचं नाही. मॅनेजर म्हणाले, उष्णतेने चिकटलंय ते उष्णतेनेच सुटेल. ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटलं की काकांनी काकू बाजारात गेल्याचं बघून त्यांची शिवणाची इस्त्री तापवली. सुटलं खरं. आधी प्लास्टिकने अंग चोरलं, मग कार्डाची सुरळी झाली, आणि सरळ करायला म्हणून काकांनी जोर दिला तर सगळं प्रकरण इस्त्रीच्या तळाला चिकटून बसलं. त्यांनी ते ओल्या फडक्याने पुसलं, चमच्याने खरवडलं, इस्त्री होती तशी जागेवर ठेवली, आणि शहाण्या माणसासारखे बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर वाचू लागले. संध्याकाळी वर पहिल्याच पांढऱ्या कॉलरवर तपकिरी पट्टा उमटला. नीट बघितलं तर त्यात बारीक अक्षरांत 'पंचवीस' वाचता येत होतं.

आता आभाळ कोसळणार म्हणून काका जिन्यात कान देऊन उभे राहिले. पण काकू काही बोलल्या नाहीत. मुकाट्याने त्यांनी कॉलर उसवली, दुसरी कापली आणि जोडली. काकूंनी बोलायच्या जागी गप्प बसावं असं छत्तीस वर्षांच्या संसारात दोन-तीनदाच झालं होतं, आणि काकांना ते फार लागलं. रात्री जेवताना त्यांनी विचारलंही, की अगं, तुला बरं आहे ना. काकू म्हणाल्या, बरं आहे की, मला काय झालंय. आणि त्यांच्या पानात अजून वाढलं.

अखेर सोलरवाल्यालाच दया आली. त्याने आपल्या लेटरहेडवर सगळं लिहून, तीन ठिकाणी शिक्के मारून, सही करून दाखला दिला आणि हात जोडून सांगितलं, काका, एवढं लॅमिनेट करू नका. कंपनीने दाखला मान्य केला. काकांना वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं. सतराव्या दिवशी कंपनीची इंजिनिअर आली.

चाळिशीची, पायात जाड बूट, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि बोलणं अगदी मोजकं. काकांनी तिला फाइल क्रमांक सत्तेचाळीस दाखवायला सुरुवात केली. ती म्हणाली, आधी यंत्र बघू. मॅनेजर साक्षीदार म्हणून आत येऊन बसले होते. काकू हातातलं बटण लावता लावता जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या, हे काकांनी पाहिलं आणि त्यांना आनंद झाला. हिरवा दिवा लागताना तिने बघायला हवंच होतं.

इंजिनिअरने इन्व्हर्टरच्या खालचा काळा गोल दांडा हलवून बघितला. पॅनेलकडून येणारी वीज तोडायचा तो स्विच. मग झाकण उघडलं, आत बॅटरीचा उजेड टाकला, आणि लॅपटॉप जोडून बराच वेळ वाचत बसली.

"काका, इन्व्हर्टर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "हा स्विच आतून जळलाय. हा रोज कोण फिरवतं?"

काका म्हणाले, कुणीच नाही. दुरुस्तीच्या वेळेखेरीज त्याला हात लावायचा नाही असं पुस्तकात पान अकरावर लिहिलंय, मी स्वतः वाचलंय.

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. यंत्र सगळं लिहून ठेवतं, ती म्हणाली. पडद्यावर दोन रकाने होते. डावीकडे बंद, उजवीकडे चालू. बंद, संध्याकाळी सहा. बंद, सहा वाजून एक मिनिट. बंद, सहा. पान खाली सरकत गेलं तरी सहाच. दोनशे एक्केचाळीस वेळा. मध्ये तीनच दिवसांची नोंद नव्हती, आणि त्या तीन दिवसांत काका मुलीकडे गेले होते.

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. सहाची फेरी. मागचं दार, न्हाणीघर, स्वयंपाकघर, आणि मग वळताना जिन्याखाली. रोज. तोंडाने शब्द पाळला होता आणि हात आपला मजल्याला कुलूप लावत होता. जित्याची खोड म्हणतात ती ही. इंजिनिअर पुढे समजावत होती, की त्या वेळी उजेड असतो, पॅनेल चालू असतात, आणि असा स्विच एका झटक्यात फिरवायचा असतो. हळू फिरवला की आत ठिणगी पडते. कुणीतरी हा फार हळू, फार जपून फिरवलाय. म्हणजे चुकीची हाताळणी, काका. हा वॉरंटीत बसत नाही.

मॅनेजरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तेवढं मन त्यांच्याकडे होतं.

काकांनी हातातली फाइल क्रमांक सत्तेचाळीस मिटली. सतरा दिवस, एक खिसा, एक शर्ट, एक कॉलर, आणि ती दुपारी घामाने निथळणारी बाई. हे सगळं ज्याच्यामुळे झालं तो चोर आपल्याच मनगटाला जोडलेला होता.

"पण मग रोज सकाळी चालू कोण करत होतं?" इंजिनिअरने उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. सकाळी सहा वीस. सहा पंचवीस. सहा वीस. तोही दोनशे चाळीस वेळा भरलेला.

"मी," पायरीवरून काकू म्हणाल्या.

त्या खाली आल्या. कुणाकडे न बघता, हातातल्या बटणाशी बोलल्यासारख्या त्यांनी सांगितलं. "रोज उठले की बंद दिसायचा. म्हटलं, सवय आहे. तोंड आवरलंय एवढं, तेच केवढं झालं. हातालाही आता कुठे बोलायचं. मी आपली चालू करत होते. त्या मंगळवारी फिरवला आणि आतून कट्कन आवाज आला, आणि लाल लागला. मला वाटलं, माझ्याच हातून मोडला. तुम्ही त्या पॅनेलखाली सरपटत होतात आणि मला सांगवेना."

म्हणून एसी बंद होता. म्हणून कॉलरच्या वेळी तोंडातून शब्द नाही. काका इतके दिवस आपल्याच चेहऱ्याला दोष देत होते.

"तुझ्या हातून नाही," काका म्हणाले. "माझ्या."

"दोघांच्या म्हणा," काकू म्हणाल्या.

इंजिनिअर म्हणाली, रिपोर्टात हाताळणी कुणाची याला एकच ओळ आहे. थोडा विचार करून तिने 'घरातली माणसं' असं लिहिलं. नवा स्विच तिच्या पिशवीतच होता, बसवायला अर्धा तास लागला. त्याचं बिल तिने लिहून दिलं तेव्हा काकांनी कुठलंही पान उघडून दाखवलं नाही, कुठलाही नियम काढला नाही. बरोबर आहे, एवढंच म्हणाले. हिरवा दिवा लागला. रिपोर्टाखाली ग्राहकाच्या सहीसाठी एक रेघ होती. काकांनी सही केली आणि पेन काकूंकडे दिलं. काकूंनी तिथेच खाली, रेघ नसलेल्या जागी, सही केली. काकांच्या विनंतीवरून इंजिनिअरने ती दोन रकान्यांची यादी सोलरवाल्याच्या दुकानातून छापून पाठवली. बारीक अक्षरांत एका पानावर कशीबशी मावली होती.

दुसऱ्या दिवशी काका ती घेऊन लॅमिनेशनवाल्याकडे गेले. तो आता सावध झाला होता. त्याने कागद यंत्रात घालायच्या आधी विचारलं, की काका, शिक्का, तारीख, सही, कुठे काही कोरं राहिलंय का, नीट बघा. काकांनी खरंच नीट बघितलं. डावा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, मग उजवा. उजवा वाचायला जरा जास्त वेळ लागला. काही राहिलं नाही, ते म्हणाले, सगळं भरलेलं आहे.

घरी येऊन त्यांनी ती यादी इन्व्हर्टरच्या वर टांगली. तोवर काकूंनी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची एक टोपी शिवून नव्या स्विचच्या दांड्यावर चढवली होती. तिला चार बटणं होती, घट्ट काजांची. चार काढेपर्यंत तुम्हाला आठवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅनेजरांनी कुंपणावरून सल्ला दिला की पाच हवी होती.

संध्याकाळी सहाला काका फेरीला निघाले. मागचं दार, न्हाणीघर, स्वयंपाकघर. जिन्याखाली वळताना हात आपोआप वर गेला आणि दुसऱ्या बटणापर्यंत पोचला. मग थांबला. काकांनी दोन्ही बटणं पुन्हा लावली, एक-एक करून, आणि वर गेले. खोली गार होती. मशीन चालू होतं, आणि पांढऱ्या शर्टांची चळत काकूंच्या खांद्याच्या उंचीला आली होती. काका दारातच उभे राहून बघत होते.

"अहो, गारवा जातोय सगळा," काकू मान वर न करता म्हणाल्या. "दार बंद करा."

काका आत आले आणि त्यांनी दार बंद केलं.